व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची कौटुंबिक पूर्वतयारी

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरच्या वर आहे. क्षेत्रफळ ८७.५ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९८२ पासून, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव २००५ पासून. मुंबई-पुण्याकडच्या मराठी कुटुंबाच्या यादीत ते त्याच्याही आधीपासून आहे. मात्र त्या यादीत काश्मीर, केरळ आणि अष्टविनायक वर असल्यामुळे व्हॅलीचा नंबर लागेपर्यंत एक पिढी सरते. ‘एकदा जायला हवं’ असे ज्यांनी पहिल्यांदा म्हटले होते त्यांचे गुडघे तोवर कुरकुरू लागलेले असतात, आणि नियोजनाला सुरुवात होते ती तेव्हा.

बाहेरच्या जगात हे खोरे गाजले १९३१ साली. फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, आर. एल. होल्ड्सवर्थ ही मंडळी ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर सर करून परतत होती. पावसाने गाठले म्हणून त्यांनी भ्यूंडारची खिंड ओलांडली आणि खाली उतरता उतरता थेट फुलांतच येऊन पोचली. १९३७ साली स्माइथ मुद्दाम परत आला, तंबू ठोकून राहिला, बिया जमवल्या आणि पुढच्या वर्षी ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक काढले. भ्यूंडारच्या मेंढपाळांना ही जागा आधीपासून ठाऊक होती; त्यांनी पुस्तक लिहिले नाही, एवढेच. नियोजनाच्या दृष्टीने यात लक्षात घेण्याजोगी बाब ही की ती गाजलेली भेट कसलाही बेत नसताना, बुकिंग नसताना आणि बरोबर कोणाचीही आत्या नसताना पार पडली. मराठी कुटुंबांच्या बाबतीत असे घडल्याची नोंद नाही.

ठिकाण ठरवताना पहिली हरकत साताऱ्याच्या बाजूने येते. ‘फुलंच पाहायची ना? मग कासला जाऊ या. पहाटे निघालं की रात्री घरी.’ हरकत वजनदार असते. कासचे पठारही पश्चिम घाटाबरोबर २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथला खर्च पेट्रोलवर भागतो आणि वाटेत मिसळ मिळते. फरक आहे तो उंचीचा, आणि दोन्ही अर्थांनी. कास सुमारे १,२०० मीटरवर. तिथली बहुतेक फुले बुटकी, नीट पाहायची तर वाकावे किंवा चक्क उकिडवे बसावे लागते. व्हॅलीत भर ऑगस्टात झाडोरा कमरेपर्यंत येतो, कुठे कुठे खांद्यालाही लागतो. ज्या घरात दोघांची तरी कंबर धरलेली असते तिथे हा मुद्दा निर्णायक ठरतो.

दुसरी हरकत मुलांची. बोरिवली-कांदिवलीत वाढलेल्या मुलांच्या लेखी नॅशनल पार्क म्हणजे वनराणीची झुकझुक गाडी, पिंजऱ्याच्या बसमधून सिंह आणि कान्हेरीच्या पायऱ्या. विदर्भातल्या मुलांच्या लेखी ताडोबा, म्हणजे वाघ. तो दिसला नाही तर पैसे फुकट. व्हॅलीत हिमबिबट्या, काळे अस्वल, कस्तुरीमृग असे सगळे मातबर प्राणी आहेत, पण पर्यटकांच्या वेळेत ते सहसा समोर येत नाहीत. त्यांचे नियोजन चांगले असते. मुलांना हे आधीच सांगावे, नाहीतर पाचशेहून अधिक जातींच्या फुलझाडांमधून चालताना ‘इथे काहीच नाहीये’ हे वाक्य सतत कानावर पडते.

एवढे झाल्यावर तारीख ठरवायची असते, आणि बहुतेक बेत इथेच गळून पडतात. उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. शाळेची उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे सगळे मोकळे असतात त्या मे महिन्यात उद्यानाला कुलूप. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कुलूप निघते, पण ओढ्यानाल्यांवर बर्फाचे थर तसेच असतात आणि बरीचशी फुले अजून जमिनीखाली विचार करत असतात. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, फार तर ऑगस्टअखेर. नेमकी त्याच वेळी शाळेत पहिली घटक चाचणी, कॉलेजात प्रवेशाच्या फेऱ्या, आणि पंचांगात श्रावण: नागपंचमी, मंगळागौर, राखी, गोकुळाष्टमी, की लगेच गणपती दारात. दिवाळीची सुट्टी धरावी म्हटले तर ती ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, फुले सप्टेंबरातच बी धरून मोकळी झालेली असतात. शिक्षण खाते आणि हिमालय यांनी संगनमत करून एकही दिवस शिल्लक ठेवलेला नाही, असा संशय यावा इतके हे काटेकोर आहे.

यासाठी जी बैठक भरते तिच्यात कालनिर्णय खिळ्यावरून उतरवून जेवणाच्या टेबलावर आडवे ठेवतात. जुलैच्या पानावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि ‘दाढ’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. त्यावर बोट फिरवत चर्चा पुढे सरकते.

‘जुलैचा शेवटचा आठवडा?’

‘चाचणी आहे.’

‘ऑगस्टचा पहिला?’

‘चिन्मयीची पहिली मंगळागौर आहे, भावोजी. आम्ही नसलो तर तिच्या सासरचे काय म्हणतील?’

‘पंधरा ऑगस्टला धरून?’

‘तेव्हा सगळी दुनिया तिथे असते.’

‘मग मे महिन्यातच जाऊ,’ आजोबा निकाल देतात.

‘बाबा, मे महिन्यात बंद असतं.’

‘बंद म्हणजे काय? कोणाला तरी विचारा. वसंताचा साडू मंत्रालयात आहे ना?’

ओळख, वशिला आणि ‘थोडं ॲडजस्ट करा’ ही मराठी कुटुंबाची तीन जुनी आणि पारखलेली हत्यारे आहेत. शाळाप्रवेशापासून लग्नाच्या हॉलपर्यंत त्यांनी कामे केलेली आहेत. मात्र बर्फ हटवण्याची सोय मंत्रालयात अजून झालेली नाही, आणि डोंगर ॲडजस्ट करत नाही. ही गोष्ट कुटुंबाच्या पचनी पडेपर्यंत आणखी दोन रविवार जातात. शेवटी ठरते ते पंधरा ऑगस्टलाच धरून, कारण त्यात रजा कमी लागते. चाचणीचा प्रश्न तापाच्या अर्जाने सोडवतात. मुलाला ताप आलेला असताना नाकाचे साल उन्हाने कसे काय सोलवटले, याचे उत्तर मात्र त्याचे त्याने द्यायचे असते.

मग तिकिटे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी हा अवधी १२० दिवसांचा होता. १० ऑगस्टला निघायचे तर ११ जूनला सकाळी ८ वाजता बोट कळीवर हवे. पूर्वी कुटुंबाला मन बदलायला चार महिने मिळत, आता दोनच मिळतात. सुधारणा म्हणावी ती हीच. त्या दिवशी पावणेआठला तिकीट काढणाऱ्याच्या खांद्यावरून तिघे डोकावत असतात आणि आठला पाच कमी असताना आत्यांचा फोन येतो की त्यांचे यायचे नक्की आहे, पण नणंदेलाही विचारले आहे. लोअर बर्थच्या कोट्याचा प्रश्न नाजूक. पुरुषांना त्या कोट्याचा लाभ साठीनंतर मिळतो, स्त्रियांना पंचेचाळिशीपासून. मात्र घरातल्या कोणत्या स्त्रीची पंचेचाळिशी उलटली आहे हे चारचौघांत विचारायचे नसते, त्यामुळे फॉर्म भरणारा गुपचूप मिडल बर्थ घेतो आणि वरिष्ठ मंडळी हरिद्वारपर्यंत चढउतार करतात. चढाईचा सराव म्हणून हे वाईट नाही. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. आजोबांनी ते अद्याप मान्य केलेले नाही.

हरिद्वारच्या पुढचा रस्ता कागदावर सोपा दिसतो. ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर. मराठी माणूस हे अंतर ताबडतोब पुणे-कोल्हापूरमध्ये बदलून पाहतो, त्यात वीसेक किलोमीटर वाढवतो आणि ‘दुपारच्या जेवणाला पोचू’ असे जाहीर करतो. चालक दहा तास सांगतो तेव्हा तो आळशी आहे असे ठरते. रस्ता आधी गंगेच्या आणि देवप्रयागपासून अलकनंदेच्या कडेने जातो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि जोशीमठच्या पुढे विष्णुप्रयाग असे पाच संगम वाटेत लागतात आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ‘फक्त दोन मिनिटं’ उतरते. बारा जण पाच ठिकाणी दोन दोन मिनिटे उतरले की किती वेळ जातो, याचे गणित पायथागोरसलाही सुटले नसते. शिवाय ज्यांना गाडी लागते ते असतातच. त्यांना अव्होमिनची गोळी निघण्याआधी द्यायची असते, देतात ती पहिल्या वळणानंतर. एका काकूंनी चालकाला सांगितलेही, ‘भैया, हमको गाडी लगती है.’ त्याने अदबीने उत्तर दिले, ‘हां जी माताजी, गाडी लगी हुई है,’ आणि दार उघडून धरले.

जोशीमठच्या पुढे गोविंदघाट. इथली उंची सुमारे १,८०० मीटर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे जिथून गड चढायला सुरुवात व्हायची, तिथेच मराठी कुटुंब आपल्या राज्याच्या डोक्याच्या वर जाऊन उभे राहिलेले असते, तेही टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपून. गोविंदघाटपासून पुलना गावापर्यंत चारेक किलोमीटर जीप जाते. पुढे घांगरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर पायी, हजार मीटरच्या आसपास चढ. घांगरियाची उंची ३,०५० मीटर. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे सत्तर टक्के.

यासाठी तब्येत करावी लागते आणि त्याचा आराखडा जूनमध्ये तयार होतो. पुण्याच्या कुटुंबात तो पर्वतीपासून सुरू होतो. पायऱ्या १०३, रोज दोनदा, मग तीनदा, असे ठरते. पहिल्या आठवड्यात पाऊस नसतो म्हणून उकडते, दुसऱ्यात पाऊस येतो म्हणून पायऱ्या निसरड्या होतात. त्यानंतर एका रविवारी थेट सिंहगड काढतात. चढताना घाम येतो, माथ्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही येते, आणि उतरताना सगळ्यांचे वजन निघाल्यापेक्षा थोडे वाढलेले असते. मुंबईची कुटुंबे लिफ्ट सोडून जिना वापरायचे ठरवतात. हा निर्धार भाजीची पिशवी हातात नसेल तेव्हा पाळला जातो. डॉक्टरांना मात्र खरोखरच विचारावे. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, त्यात तरणाबांड आणि म्हातारा असा भेद नसतो, आणि रक्तदाब, दमा किंवा हृदयाचे दुखणे असेल तर गोळ्यांचा निर्णय घरच्या बैठकीत करायचा नसतो. घरच्या बैठकीचा उपाय म्हणजे कापराची पुरचुंडी. ती हुंगल्याने नाकाला गार वाटते. हवेतला प्राणवायू वाढत नाही. तरी प्रत्येकाच्या गळ्यात ती असते, आणि दम लागलेल्या माणसाला थांबायला एक सभ्य कारण मिळते, हा तिचा उपयोग नाकारता येणार नाही.

जे चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी पुलना ते घांगरिया खेचरे आहेत. घांगरियाच्या पुढे व्हॅलीच्या वाटेवर खेचरांना बंदी, तिथे कंडी. हे वाहन नीट समजून घेण्यासारखे आहे. वेताची निमुळती टोपली, तिची एक बाजू कापून बसण्यापुरती जागा केलेली, आत दुमडलेले कांबळे. कंडीवाला, बहुधा नेपाळकडचा, ती पाठीवर घेतो. आत बसणाऱ्याची पाठ त्याच्या पाठीला लागते आणि तोंड मागे होते. दर वजनावर ठरतो. इथे अडचण उभी राहते, कारण आत्यांचे वजन ही कुटुंबातही खाजगी बाब असते. कंडीवाला नुसता एकदा खालपासून वरपर्यंत पाहतो आणि आकडा सांगतो. आत्या त्यातून दहा किलो कमी सांगतात. ‘माताजी, उठाना तो मुझे है,’ तो नम्रपणे म्हणतो, आणि व्यवहार त्याच्या आकड्यावर मिटतो. पुढचे तीन तास सगळे कुटुंब समोरची फुले पाहत धापा टाकत असते, आणि आत्या मागे तोंड करून, मांडीवर पर्स घट्ट धरून, सर्वांना मागून कोण किती हळू येत आहे ते सांगत असतात. देखरेखीसाठी याहून चांगली बैठक व्यवस्था सापडणे कठीण.

मुक्काम घांगरियातच करावा लागतो, कारण व्हॅलीत रात्री राहायला परवानगी नाही. सकाळी ७ ला फाटक उघडते, दुपारनंतर आत सोडत नाहीत, आणि संध्याकाळी ५ च्या आत बाहेर पडायचे असते. घांगरिया हे हंगामापुरते गाव आहे. बर्फ पडला की मंडळी खाली उतरतात. हॉटेले आहेत, गढवाल मंडल विकास निगमचे विश्रामगृह आहे, मोठा गुरुद्वारा आहे. खोली ठरवताना मराठी कुटुंब दृश्याची चौकशी करत नाही. प्रश्न दोनच असतात: वेस्टर्न आहे का, आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत. गरम पाणी बादलीने मिळते आणि बादलीचे पैसे वेगळे पडतात, हे कळल्यावर रोज आंघोळ केलीच पाहिजे का, या प्रश्नावर घरात प्रथमच मोकळी चर्चा होते. पस्तीस वर्षांत एकदाही पारोसे न बसलेले आजोबा दुसऱ्या दिवशी ‘हातपाय धुतले की झालं’ या मताला येऊन पोचतात. ऑगस्टातही रात्री पारा दहाच्या खाली जातो. मतपरिवर्तनाला तेवढे पुरते.

सामानाचा विषय खरे तर कपड्यांपासून सुरू व्हायला हवा. पावसाळी जाकीट, चांगली पकड असलेले बूट, जादा मोज्यांचे जोड, माकडटोपी, हातात काठी. बुटांवर पैसे घालवायला जे तयार नसतात त्यांना जोन मार्गारेट लेग यांची हकीकत सांगावी. फुले गोळा करायला १९३९ साली आलेल्या या बाईंचा याच खोऱ्यात कड्यावरून पाय घसरून मृत्यू झाला. त्यांची समाधी व्हॅलीत आहे आणि पुष्कळ लोक तिथवर जाऊन परततात. हकीकत संपता संपता खिशात हात जातो. पण कपड्यांचा विषय दहा मिनिटांत आटोपतो, कारण सगळे लक्ष खाण्याकडे लागलेले असते.

‘तिकडे काय मिळेल कोण जाणे’ या गृहीतावर हा विभाग उभा आहे. तिकडे आलू पराठे, राजमा-चावल, मॅगी, जिलबी आणि पाऊल टाकावे तिथे चहा मिळतो, ही माहिती सर्वांना असते. तिचा पिशव्यांवर परिणाम होत नाही. दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, लसणाची चटणी, मेतकूट, सांगलीचे भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, आलेपाक, श्रावणी सोमवारसाठी साबुदाण्याच्या पापड्या, आणि कोणालाही कधीही काहीही झाले तर असावा म्हणून मोरावळा. हे सगळे मिळून एका खेचराचे ओझे होते. चिवड्याच्या बाबतीत एक सूचना. हवाबंद पाकिटे खालच्या दाबाची हवा पोटात घेऊन वर जातात आणि घांगरियाला पोचेपर्यंत उशीसारखी टम्म फुगतात. बॅगेची चेन तुटते ती बहुतेक वेळा याच कारणाने. पाकिटाला टाचणी टोचून न्यावे, किंवा सरळ डबा न्यावा. व्हॅलीत फाटकाच्या आत दुकान नाही, टपरी नाही, त्यामुळे दुपारचे जेवण बांधून न्यायचे असते, आणि कागद, पिशव्या, बाटल्या सगळे परत आणायचे असते. भ्यूंडारच्या गावकऱ्यांची समिती या वाटांची सफाई करते. चिवड्याची पाकिटे वेचायला त्यांना दुसरी कामे नाहीत असे समजू नये.

घरातून निघण्याआधी ब्रह्मकमळाचा खुलासाही होऊन गेलेला बरा. मराठी गच्चीत कुंडीत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ज्याचे फूल रात्री बारा वाजता उमलते आणि ते पाहायला हळदीकुंकू घेऊन शेजाऱ्यांना उठवतात, ते मुळात मध्य अमेरिकेकडचे निवडुंग आहे. खरे ब्रह्मकमळ उत्तराखंडाचे राज्यपुष्प. ते दिवसाढवळ्या फुलते, पिवळट पांढऱ्या कागदी पाकळ्यांच्या पुडीत बसलेले दिसते, आणि व्हॅलीपेक्षा ते हेमकुंडच्या चढावर जास्त भेटते. ते पाहून आजी हमखास म्हणतात, ‘हे कसलं? आपल्याकडचं किती मोठं असतं!’ त्यांना देवासाठी एखादे तोडूनही हवे असते. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणे गुन्हा आहे, हे त्यांना सुनेने सांगून उपयोग नसतो. वनरक्षकाने सांगितले तर ऐकतात, आणि वर त्याची विचारपूस करून त्याला लाडू देतात.

हेमकुंड साहिब हा बेतातला वादाचा भाग. घांगरियापासून सहा किलोमीटर, पण अंगावर येणारा चढ. गुरुद्वारा चार हजार मीटरच्याही वर, सरोवराच्या काठी. शेजारी लक्ष्मणाचे मंदिर आहे, त्यामुळे आजींचे मत लगेच अनुकूल होते. तिथेही रात्री राहता येत नाही, त्याच दिवशी उतरावे लागते. अनुभव असा की व्हॅली आणि हेमकुंड एकाच दिवशी करण्याचा प्रस्ताव दरवेळी एक तरी जावई मांडतो आणि तो फेटाळावा लागतो. दोन दिवस द्यावेत. ज्यांना चढवत नाही त्यांनी दुसऱ्या दिवशीही व्हॅलीतच जावे. तिथे दर थोड्या दिवसांनी फुलांची पाळी बदलते, आणि पहिल्या दिवशी धुक्यात गेलेली अर्धी व्हॅली दुसऱ्या दिवशी दिसण्याची शक्यता असते. हेमकुंडला लंगरमध्ये गरम खिचडी आणि गोड चहा मिळतो. घरी खिचडी म्हटले की नाक मुरडणारी मुले ती दोनदा मागून घेतात, आणि आईने केलेल्या खिचडीत नेमके काय कमी असते यावर उतरताना बोलू लागतात. त्यांना वेळीच गप्प करावे.

राहिला राखीव दिवस. ऋषिकेशहून निघून ऋषिकेशला परत येईपर्यंत ही सहल सहा दिवसांत बसते. जाणता नियोजक सातवा दिवस मोकळा ठेवतो. कागदावर त्या दिवसापुढे ‘राखीव’ असे लिहिलेले असते आणि मराठी कुटुंबाला ते पाहवत नाही. पैसे भरून आलोत आणि दिवसभर काय करायचे? इथे ते वाक्य येते ज्यावर मराठी पर्यटन चालते: ‘एवढं आलोच आहोत तर...’ गोविंदघाटपासून बद्रीनाथ २५ किलोमीटर. बद्रीनाथपासून माणा गाव तीन किलोमीटर. एवढं माण्यापर्यंत गेलोच आहोत तर भीमपूल. तिथून परत येतोय तर औली. राखीव दिवसात साडेतीन दिवसांचा कार्यक्रम बसवून झाल्यावर कुटुंब समाधानाने वही मिटते.

जुलै-ऑगस्टात या रस्त्यावर दरडी कोसळतात. जोशीमठच्या अलीकडे पागल नाला नावाची जागा आहे. तिची वागणूक नावाला जागणारी आहे. डोंगर खाली आला की जेसीबी येईपर्यंत, आणि आल्यावरही तो थांबेपर्यंत, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते. कधी दोन तास, कधी पूर्ण दिवस. रांगेत कोणाचीही ओळख चालत नाही. मंत्रालयातल्या साडूंना फोन लागला तरी दगड मराठीत ऐकत नाहीत. हरिद्वारची परतीची गाडी मात्र वेळेवर सुटते, आणि बारा जणांची तिकिटे एकदम मिळण्याचा प्रसंग ऑगस्टात दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून सातवा दिवस मोकळाच ठेवावा. दरड पडली नाही तर जोशीमठला पाय पसरून बसावे, उरलेले भडंग संपवावे. बद्रीनाथचे दार साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उघडे असते; त्यासाठी दिवाळीची सुट्टी आहे.